भंगारातून, आठवडी बाजारातून आणलेल्या विचित्र वस्तूंनी घर कसं सजवावं?

तुम्ही विचारलंय की भंगारच्या दुकानात आणि आठवडी बाजारात दिसणाऱ्या, धड ओळखूही न येणाऱ्या जुन्या वस्तू आणून घर सजवायचं आहे; घर भाड्याचं आहे, सुतारकाम येत नाही, तर सुरुवात कुठून करू? मी लातूरची. आठ-नऊ वर्षं मला हाच नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वस्तू हातात घेतली की आपण लगेच म्हणतो, 'हिचं काय बरं करता येईल?' हा प्रश्न थोडा थांबू द्या. आधी विचारा, ही काय काम करत होती? विकणाऱ्याला माहीत नसतं बऱ्याचदा. शेजारी भाजी घेऊन बसलेल्या मावशींना विचारा, पारावरच्या आजोबांना विचारा. ते नुसतं नाव सांगत नाहीत, ती वस्तू हातात धरूनच दाखवतात. त्या धरण्यातच पुढं काय करायचं ते निम्मं कळतं.

माझंच सांगते. एका भंगारच्या दुकानात पत्र्यांच्या ढिगाखाली लाकडाचं एक वाडगं दिसलं. वीतभर रुंद, जाड काठाचं, तळाला तीन भोकं. दुकानदार म्हणाला, "न्या ताई दीडशेला, नाहीतर जळणातच जाईल." मी बघताक्षणी ओळखलं. तिफणीचं, म्हणजे बैलांच्या पेरणीच्या औजाराचं, चाडं होतं ते. तिफणीला तीन फण, म्हणून चाड्याला तीन भोकं. पेरताना मुठीतून बी सोडायचं, ते भोकातून नळ्यांत आणि नळ्यांतून फणांनी पाडलेल्या तासात, म्हणजे चरीत, पडतं. माझे वडील चाड्यावर मूठ धरायचे. ट्रॅक्टरची पेरणी आली तशी आमची तिफण गोठ्यामागं पडली, आणि तिचं चाडं कधी चुलीत गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हे घरी आणलं तेव्हा भोकांच्या कडेला काळी माती घट्ट बसलेली होती आणि एका चिरेत ज्वारीचा दाणा अडकलेला होता. तो मी काढला नाही. माती कोरड्या ब्रशनं झाडली. जुनं लाकूड पाण्यात भिजवू नका. भिजवून आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ठेवलं तर ते तडकलंच म्हणून समजा. बारीक छिद्रं होती आणि त्यांतून पिठासारखा भुसा गळत होता, म्हणजे कीड होती. त्यासाठी टाकणखार (बोरॅक्स) गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं दोन-तीनदा लावला आणि सावलीत चांगले आठ दिवस वाळवलं. काष्ठौषधीच्या दुकानात टाकणखार मिळतो. तेल लावण्याआधीच हे करायचं, कारण तेलानंतर तो आत मुरत नाही.

मग जवसाचं तेल. आपल्या भागात जवस आणि करडई पिढ्यानपिढ्या पिकतात, आणि दोन्ही तेलांचा एक गुण आहे: ती हवेत वाळतात आणि लाकडावर पातळ पापुद्रा धरतात. जवसाचं लवकर, करडईचं सावकाश. शेंगदाण्याचं लावू नका. ते वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि महिन्याभरात खवट वास सुटतो. फडक्यानं अगदी पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं सगळं पुसून काढायचं, पूर्ण वाळलं की पुन्हा एक हात. कच्च्या तेलाला वाळायला कितीतरी दिवस लागतात, घाई करू नका. आणि हे नीट लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळता वाळता त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना तर अजिबात धोका पत्करू नका. चिंध्या दोरीवर एकेक सुट्या पसरून कडक वाळू द्या, मगच टाका.

चाड्याचा दिवा करायचा हे ठरलेलंच होतं. मी ते पालथं केलं, आत बल्ब सोडला आणि छताला टांगलं. ठीक दिसत होतं, हॉटेलात असतात तसं. आई आली, वर बघत उभी राहिली आणि म्हणाली, "चाडं असं पालथं घालतात का गं? बी कुठून पडायचं?"

मी ते उतरवलं. अंबाडीच्या दोराचं शिंकं करून घेतलं आणि चाडं त्यात सरळ ठेवलं, शेतात असतं तसं, तोंड वर. शिंक्याचा पीळ भोकांच्या आड येणार नाही एवढं पाहिलं. वरून वायर सोडून ५ वॉटचा एलईडी वाडग्याच्या पोटात, तळापासून बोटभर वर, लाकडाला टेकणार नाही असा. आता उजेड वर छतावर पसरतो आणि खाली जेवणाच्या जागेवर तीन गोल कवडसे पडतात, जिथून बी पडायचं तिथूनच. लाकडाला एक खिळा नाही की नवं भोक नाही. उद्या कुणाला तिफणीसाठी चाडं हवं झालं तर शिंक्यातून उचलून देता येईल. (जुना पिवळा बल्ब मात्र लाकडात कधी लावू नका, तो फार तापतो. आणि पितळेचा किंवा पत्र्याचा दिवा करणार असाल तर वायरिंग जाणत्या माणसाकडूनच, अर्थिंगसह.)

आता माझ्या हातून झालेलं नुकसान सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. लातुरात गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, त्या भागात भांड्यांची दुकानं आहेत. लोक जुनी भांडी मोडीच्या भावात तिथं देतात, आणि दुकानदाराशी ओळख असेल तर वितळायला जाण्याआधी तो ढीग बघू देतो. त्या ढिगात मला एक काळीठिक्कर सुरई मिळाली. मला वाटलं, पितळ काळवंडलंय. घरी येऊन चिंच लावून खसाखसा घासली. अर्धी घासून झाल्यावर आतून करडा धातू आणि त्यावर चांदीची बारीक वेलबुट्टी दिसायला लागली, आणि माझ्या पोटात गोळा आला. बिदरी होती ती. बीदर आमच्या उदगीरपासून जवळच. हा धातू म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडं तांबं; त्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरासोबत वापरून तो काळा करतात. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हता, कारागिराचं शेवटचं काम होतं, आणि तेच मी चिंचेनं धुऊन टाकलं. पुढं ती बीदरला एका कारागिराकडे नेली, त्यानं पुन्हा काळी करून दिली. पण घासलेल्या बाजूची तार एका ठिकाणी उचकटली आहे ती आहेच. आता तिला फक्त खोबरेल तेलाचं बोट आणि मऊ कापड. पाणी घालत नाही, आत ज्वारीची वाळलेली कणसं ठेवली आहेत.

तेव्हा पितळ-तांब्याला चिंच खुशाल लावा, पण आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून बघा. स्वयंपाकात वापरायचं असेल तर आतून कल्हई करून घ्या. नुसतं शोभेला असेल तर त्याची गरज नाही.

मोडीत धान्याची मापंही निघतात. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. पूर्ण संच मिळाला तर नशीबच. लोक त्यांना भोकं पाडून कुंड्या करतात, ते मला पटत नाही. आमच्याकडे ती स्वयंपाकघराच्या फळीवर ओळीनं आहेत. एकात चमचे, एकात लसूण, आणि चिपट्यानं अजून तांदूळ मोजते.

पत्र्याची जुनी ट्रंक स्वस्तात मिळते, बसायला आणि पांघरुणं ठेवायला उत्तम, वर वाकळ घडी घालून टाकली की बैठक तयार. मात्र तिचा रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पॉलिश पेपर ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा, लेकरांना लांब ठेवा. खरं तर रंग टिकून असेल तर पुसून तसाच ठेवा. कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नाचं नाव रंगवलेलं असतं, ते राहू द्या.

दोन गोष्टींना हात लावू नका, ही कळकळीची विनंती. एक, शेताच्या बांधावरचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड), फुटक्या मूर्ती, कोरीव दगड. कुणी 'बागेत छान दिसेल' म्हणून विकायला आलं तरी नको. १०० वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो त्या गावाचा ठेवा आहे. दुसरी, मोडी लिपीतले किंवा निजामकाळातले उर्दू कागद. रद्दीत मिळतात आणि दिव्याच्या शेडला छान दिसतात म्हणून लोक कापतात. त्यात कुणाच्या तरी जमिनीचा, वाटणीचा, देण्याघेण्याचा हिशोब असतो, तोही कदाचित एकुलता एक. मिळाले तर मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. दिव्याला साधा हातकागद चालतो.

भाड्याच्या घराचं म्हणाल तर पंख्याचा रिकामा हूक आणि दाराची चौकट एवढ्यावर पुष्कळ होतं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत बैलांच्या घुंगरमाळा मिळतात, आणि जुन्या, झिजलेल्या चामड्याच्या माळा गावात कुणाच्या तरी गोठ्यात खुंटीला असतातच. त्यातली एक मागून आणा, पैसे द्या, चामड्याला तेलाचा हात द्या आणि दाराच्या कडीला अडकवा. सुतारकाम लागत नाही. सुरुवात त्यानंच करा. चाडं सापडेल तेव्हा सापडेल.