एमएस्सी फिजिक्सनंतर गोव्यातून ऑप्टिकल मटेरियल्सच्या संशोधनात कसं जावं?

आधी सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप, काढा. पहिली 2 वर्षं महिना 37,000 रुपये, नंतर एसआरएफ या पुढच्या टप्प्याचे 42,000, घरभाडं वेगळं. गेट आणि जेस्ट या प्रवेश परीक्षाही द्या. घराजवळ राहायचं असेल तर ताळगावचं गोवा विद्यापीठ, झुआरीनगरचं बिट्स, फर्मागुडीचं आयआयटी. सरकारी संशोधन संस्थांपैकी लेझरसाठी इंदूरचं आरआरकॅट, काचेसाठी कोलकात्याचं सीजीसीआरआय. पण नावावर जाऊ नका. गाइडच्या लॅबमधलं कोणतं यंत्र आज चालू आहे, ते तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला पातळ थर घ्या, हात तयार होतो. काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा परावर्तन कमी करणारा थर द्यायचा, तर 550 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी जाडी साधारण 100 नॅनोमीटर येते: 550 भागिले 4, भागिले 1.38 (हा या थराचा अपवर्तनांक). काच नीट धुतली नाही तर थर सुटतो. थंड काचेवर दिला तर मऊ राहतो, पुसताना ओरखडे पडतात. म्हणून काच सुमारे 300 अंश सेल्सिअसला तापवतात.

यूव्ही-व्हिजिबल आलेखावरून (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश पार जातो) बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात जायला लागणारी किमान ऊर्जा, काढताना थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेल्या प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या लाटांना शोषणाची कड, म्हणजे शोषण एकदम वाढतं ती जागा, समजू नका. मुलाखतीत इथेच बरेच जण अडकतात.

आणि आपला पावसाळा! एफटीआयआरला, म्हणजे अवरक्त प्रकाशाच्या मापनाला, नमुना ज्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या पावडरीत मिसळून गोळी दाबतात, ती हवेतलं पाणी ओढते. आलेखात 3400 आणि 1630 सेमी⁻¹ च्या आसपास पाण्याचे उठावदार पट्टे दिसले, तर ते नमुन्याचे मानण्याआधी पावडर 110 अंशांना वाळवून कोऱ्या, म्हणजे नमुना न घातलेल्या, गोळीचं मापन घ्या.