फर्गॉटन रेल्म्सची दोन खोकी मिळताहेत : कोणत्या कादंबऱ्या घ्याव्यात, कोणत्या सोडाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कोपरखैरण्यात तुमच्या सोसायटीतलं एक कुटुंब परदेशी निघालंय, त्यांच्याकडे फर्गॉटन रेल्म्स या काल्पनिक, जादू-ड्रॅगनच्या जगातल्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांची दोन खोकी आहेत. तुम्ही त्यातल्या ड्रिझ्ट या नायकाच्या पहिल्या सहा वाचल्यात. घर वन बीएचके. आता अख्खा संच जमवायला घ्यावा की निवडून थोड्या ठेवाव्यात?

निवडून ठेवा. आणि निवडताना मालिकेचं नाव, कण्यावरचा क्रमांक, मुखपृष्ठावरचा ड्रॅगन, यातलं काही बघू नका. लेखक कोण आहे ते बघा, आणि त्या लेखकाला या जगात स्वतःचा म्हणावा असा एखादा कोपरा मिळाला होता का, ते बघा. मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. कॉलेजपासून हे जग वाचतोय आणि जमवतोय. कपाटात एवढ्या वर्षांत जी पुस्तकं टिकली ती जवळजवळ सगळी या एकाच कसोटीवर टिकली आहेत.

अख्ख्या संचाचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. या जगातल्या कादंबऱ्या अडीचशेच्या पुढे आहेत. एकेक पुस्तक दोन-अडीच सेंटिमीटर जाड धरलं तरी पाच-सहा मीटर सलग फळी लागते. पण जागा हे दुय्यम कारण. खरं कारण हे की त्यातली निम्मी तरी पुस्तकं तुम्ही दुसऱ्यांदा उघडणार नाही.

असं का होतं हे कळायला हे जग चालतं कसं ते बघावं लागतं. एड ग्रीनवुड या कॅनडातल्या माणसाने लहानपणी, १९६०च्या दशकात, स्वतःच्या गोष्टींसाठी हे जग रचायला घेतलं. पुढे टीएसआर कंपनीने ते ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, खेळाडूंनी एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळासाठी विकत घेतलं. १९८७ मध्ये खेळाचा संच आला आणि त्याच वर्षी पहिली कादंबरीही आली, डग्लस नाइल्स यांची ‘डार्कवॉकर ऑन मूनशे’. तेव्हापासून जग कंपनीचं, पात्रंही कंपनीची, लेखक मात्र करारावर लिहिणारे. आपल्याकडे कर्णावर शिवाजी सावंतांनी लिहिलं आणि रणजित देसाईंनीही लिहिलं, पण महाभारत कुणाच्या मालकीचं नाही, त्यामुळे ‘मृत्युंजय’ किंवा ‘राधेय’ अमुक महिन्यात अमुक घटनेपर्यंत पोचलीच पाहिजे असं सांगणारं कुणी नव्हतं. इथे सांगणारे होते. म्हणून या जगात दोन जातींची पुस्तकं निघाली. एका जातीत लेखकाला नकाशाचा एक तुकडा देऊन सांगितलं, इथे तुला हवं ते कर. दुसऱ्या जातीत कंपनीला खेळाचे नियम बदलायचे होते किंवा एखादी मोठी घटना घडवायची होती, आणि त्यासाठी कादंबरी लिहून घेतली. पहिल्या जातीची घ्या.

पहिल्या जातीतलं माझं सर्वांत आवडतं पुस्तक म्हणजे केट नोव्हाक आणि जेफ ग्रब यांचं ‘अझ्युअर बॉन्ड्स’ (१९८८). क्लाइड काल्डवेलचं मुखपृष्ठ बघून बरेच जण ते बाजूला ठेवतात, कारण त्यावरचं नायिकेचं चिलखत लढाईत एक क्षणही टिकणार नाही. तिकडे दुर्लक्ष करा. एलियस नावाची तलवारबाज एका खानावळीत जागी होते. तिला मागचं काही आठवत नाही आणि उजव्या हातावर निळ्या खुणा गोंदलेल्या आहेत. त्या खुणा तिच्याकडून तिच्या मनाविरुद्ध कामं करून घेतात. एका लग्नात एक खुशालचेंडू तरुण राजाची नक्कल करून दाखवतो आणि तिचा हात आपोआप त्याचा जीव घ्यायला धावतो. तिच्यासोबत सरड्यासारखा दिसणारा एक प्राणी आहे. तो बोलत नाही, कारण त्याची भाषा गंधांची आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे एक गायक. आपली गाणी आपल्यानंतरही जशीच्या तशी राहावीत या हव्यासापायी त्याने काय काय केलं, त्याची ही गोष्ट आहे. देवादिकांच्या युद्धांपेक्षा हे कितीतरी मोठं आहे. पुढच्या ‘द वायव्हर्न्स स्पर’मध्ये (१९९०) तोच नकला करणारा तरुण नायक होतो आणि सगळा सूर हलका, घरगुती होतो. जगाचा नाश टाळण्याऐवजी घराण्याची हरवलेली एक वस्तू शोधायची असते. तिसरं ‘सॉन्ग ऑफ द सॉरियल्स’ (१९९१). तिन्ही मिळाली तर विचार करत बसू नका.

आता दुसरी जात. ‘शॅडोडेल’, ‘टँट्रस’, ‘वॉटरडीप’ ही १९८९ मधली अवतार त्रयी तुमच्या खोक्यात बहुधा असेलच, कारण ती भरपूर खपली. तिच्यावर लेखकाचं नाव रिचर्ड ऑलिन्सन असं आहे. हे टोपणनाव आहे. त्यामागे स्कॉट सिएन्सिन आणि ट्रॉय डेनिंग हे दोघे होते. त्या वर्षी खेळाची दुसरी आवृत्ती आली, नियम बदलले, आणि तो बदल जगातही घडलेला दाखवायचा म्हणून सगळे देव पृथ्वीवर ढकलले गेले. नव्या नियमांत खेळाडूंना निवडता येणारा मारेकऱ्यांचा वर्ग उरला नव्हता, म्हणून कथेत एक देव आपली ताकद वाढवायला मारेकऱ्यांचे सामूहिक बळी घेतो. वाचताना जाणवत राहतं की पात्रं चालत नाहीयेत, त्यांना चालवलं जातंय. एका गावातून दुसऱ्या गावात, एका देवाच्या मृत्यूपासून दुसऱ्या देवाच्या मृत्यूपर्यंत.

पण ही त्रयी टाकूनही देऊ नका, कारण तिच्या राखेतून ‘प्रिन्स ऑफ लाइज’ (१९९३) उगवलं. जेम्स लाउडर यांचं हे पुस्तक या अख्ख्या जगातल्या मोजक्या उत्तम कादंबऱ्यांपैकी एक आहे असं माझं ठाम मत आहे. त्रयीच्या शेवटी सिरिक नावाचा चोर देव झालेला असतो. आता त्याला एक ग्रंथ हवाय : वाचणाऱ्याला सिरिकच एकमेव खरा देव वाटला पाहिजे असा. तो लेखकांकडून लिहून घेतो, ग्रंथ जमत नाही, लेखक मरतात, मग पुढचा लेखक. शेवटी रिंडा नावाच्या एका बाईवर ते काम येतं आणि ती लपून त्याच देवाचं खरं चरित्रही लिहू लागते. मालकाच्या हुकमावरून लिहिणं म्हणजे काय, हे मालकाच्याच जगात बसून लाउडर यांनी लिहिलंय. घटना कंपनीने ठरवलेली होती, पण तिच्या परिणामांचा मुलूख त्यांना मोकळा मिळाला, आणि कसोटी इथेही लागू पडते. त्रयी एकदा वाचून पुढे द्या, हे मात्र ठेवा. पुढचं ‘क्रूसिबल’ (१९९८) ट्रॉय डेनिंग यांचं आहे. त्यात सिरिक स्वतःचाच ग्रंथ वाचून बसलेला आहे. टोपणनावाखाली त्रयी लिहिणारे हेच डेनिंग इथे किती मोकळे झालेत ते बघण्यासारखं आहे.

ड्रिझ्टबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण खोक्यात सर्वांत जास्त पुस्तकं आर. ए. साल्वातोरे यांचीच निघतील. मूळ बेतात नायक वुल्फगार होता. ड्रिझ्ट हा ऐनवेळी, संपादिकेशी फोनवर बोलता बोलता सुचलेला साथीदार. ‘द क्रिस्टल शार्ड’ (१९८८) वाचताना हे अजूनही कळतं, आणि म्हणूनच ते पुस्तक मला फार जिवंत वाटतं. तुम्ही वाचलेल्या सहांपैकी ‘होमलँड’ (१९९०) सर्वांत वरचं. मेन्झोबेरान्झन हे जमिनीखालचं शहर, तिथल्या घराण्यांची एकमेकींना संपवण्याची रीत, मुलावर जीव असूनही ते कधी उघड न करणारा बाप. पुढची तीसेक पुस्तकं सगळी ठेवायची गरज नाही. माझी निवड अशी : एन्ट्रेरी आणि जार्लॅक्सल या जोडीची ‘सर्व्हंट ऑफ द शार्ड’ (२०००), ‘प्रॉमिस ऑफ द विच-किंग’ (२००५) आणि ‘रोड ऑफ द पॅट्रिआर्क’ (२००६). दोन वाईट माणसं एकत्र प्रवास करतात आणि त्यातला एक हळूहळू आपल्या आयुष्याकडे बघायला शिकतो. ड्रिझ्टच्या उपदेशाचा कंटाळा आलेल्यालाही ही तीन आवडतात.

खोक्यात ‘सेम्बिया’ असं लिहिलेली पुस्तकं दिसली तर लगेच बाजूला काढा. सेलगाँट शहरातलं उस्केव्ह्रेन हे श्रीमंत व्यापारी घराणं. वडील, आई, मुलं, नोकरचाकर, सगळे एका छताखाली आणि प्रत्येकाचं काही ना काही लपवलेलं. ‘द हॉल्स ऑफ स्टॉर्मवेदर’ (२०००) या पहिल्या पुस्तकात सात दीर्घकथा आहेत आणि पुढची पुस्तकं वेगवेगळ्या लेखकांनी घरातल्या एकेका माणसावर लिहिली. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाला हे घर ओळखीचं वाटेल. सामायिक जगाची कल्पना इथे जेवढी नीट वापरली गेली तेवढी मी दुसरीकडे पाहिली नाही. घरातला कारभारी एरेव्हिस केल हा पॉल एस. केम्प यांच्या वाट्याला आला आणि त्यावर त्यांनी पुढे ‘ट्वायलाइट फॉलिंग’पासून (२००३) स्वतंत्र त्रयी लिहिली. तीही घ्या.

एलेन कनिंगहॅम यांचं ‘एल्फशॅडो’ (१९९१) घ्या. ती खरं तर रहस्यकथा आहे. ते ज्या ‘हार्पर्स’ मालिकेत आहे तिची पुस्तकं बरीचशी सुटी वाचता येतात, पण दर्जा फार वरखाली, म्हणून मालिका पुरी करायच्या मागे लागू नका. ‘बाल्डर्स गेट’ या संगणकीय खेळावर बेतलेल्या कादंबऱ्या सोडा. तो खेळ खेळावा. ‘वॉर ऑफ द स्पायडर क्वीन’ (२००२ ते २००५) सहा लेखकांनी सहा भागांत लिहिली आहे. सहाही असतील तर घ्या, मधलाच एखादा नसेल तर शोधत फिरण्याइतकी ती मोठी नाही.

२००८ मध्ये खेळाच्या चौथ्या आवृत्तीसाठी कथेचा काळ जवळपास शंभर वर्षं पुढे ढकलला गेला. ओळखीची माणसं गेली, शहरं बदलली. जमवणाऱ्याला इथे थांबायला नैसर्गिक जागा आहे आणि मीही बहुतांशी इथेच थांबलो. अपवाद एरिन एम. एव्हन्स यांचा. ‘ब्रिमस्टोन एंजल्स’मधल्या (२०११) जुळ्या बहिणी आणि त्यांना वाढवणारा ड्रॅगनवंशी बाप मेहेन यांच्यासाठी मी ती सीमा ओलांडली. या जगात इतका चांगला बाप क्वचितच कुणी लिहिलाय.

आता प्रत्यक्ष खोकी उघडाल तेव्हाचं. कोपरखैरणे खाडीला लागून, आणि खोकी किती पावसाळे काढून बसलीत कुणास ठाऊक. आधी वास घ्या. कुबट वास आला तर पानांच्या कडेला बुरशी शोधा. अशी प्रत कितीही दुर्मीळ असली तरी तुमच्या कपाटात नको, शेजारची पुस्तकंही जातात. कसर लागलेली असेल तर कण्याजवळ बारीक कुरतडल्याच्या खुणा असतात. या पुस्तकांचा कागद स्वस्त असल्यामुळे ती पिवळी पडतातच, त्याचं काही नाही. पण डिंक सुकलेला असतो, म्हणून मधोमध सपाट उघडू नका, दोन्ही तळहातांवर धरून थोडंच उघडा आणि कणा करकरतो का ते ऐका. घरी आणल्यावर बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळूही नका, आतली ओल आतच राहते.

पहिली आवृत्ती ओळखताना एक फसगत होते ती टाळा. आतल्या पानावर पहिल्या मुद्रणाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, आणि पुढच्या मुद्रणांतही तो मजकूर तसाच राहतो. त्याच पानावरची आकड्यांची ओळ बघा. त्यातला सर्वांत लहान आकडा १ असेल तरच पहिलं मुद्रण. पेंग्विनने ब्रिटनसाठी काढलेल्या प्रतीही आपल्याकडे सापडतात. वाचायला त्या उत्तम, फक्त अमेरिकन प्रतींबरोबर उंची जुळत नाही. मला स्वतःला मुद्रणक्रमाचं फारसं पडलेलं नाही. ‘होमलँड’ची जेफ इझलीच्या चित्राची जुनी प्रत मात्र मी जपून ठेवली आहे, केवळ त्या चित्रासाठी.

विकणाऱ्यांना सगळं एकदम काढायचं असेल तर एकदमच घ्या, त्यांच्याशी घासाघीस करून चार पुस्तकं वेगळी काढत बसू नका. निघायच्या घाईत असलेल्या माणसाला खोकी रिकामी झालेली हवी असतात, आणि भावही त्यामुळे बरा मिळतो. नको असलेली नंतर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे किंवा फाउंटनला देता येतील, त्यातून थोडे पैसे सुटतील. रद्दीत घालू नका. अवतार त्रयीसुद्धा कुणाच्या तरी हातात पहिलं पुस्तक म्हणून पडू शकते.

आणि ‘सॉन्ग ऑफ द सॉरियल्स’च्या दोन प्रती निघाल्या तर एक माझ्यासाठी ठेवा. माझी प्रत एका मित्राने वाचायला नेली ती नेलीच. ठाण्याहून वाशीची लोकल पकडून कोणत्याही रविवारी येईन, आणि बदल्यात तुमच्यासाठी ‘एल्फशॅडो’ घेऊन येईन, माझ्याकडे ती जास्तीची आहे.