हेड बदलायचं की दुरुस्त करायचं?

प्रश्न : जुना टाटा १६१३ घेतला, इंजिन कमिन्स ६बीटी. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ झालंय. हेडला (सिलिंडरांवरच्या बिडाच्या झाकणाला) क्रॅक असल्याचं मेकॅनिक सांगतात. वेल्डिंग चालेल का?

उत्तर : आधी गाडी चालवणं थांबवा. पाणी मिसळलेल्या ऑइलने बेअरिंग जातात, आणि तो खर्च हेडपेक्षा मोठा.

हेड उतरवून धुवा आणि मशीन शॉपमध्ये गरम पाण्यात हवेची प्रेशर टेस्ट करून घ्या. दोष कदाचित नुसत्या गॅस्केटचाच (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचाच) निघेल. क्रॅक बहुधा व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड) आणि नोझलचं (डिझेल फवारणाऱ्या भागाचं) भोक यांच्या मधल्या जागेत दिसते. तिथून पाणी झिरपत असेल तर हेड बदला. बिडाचं वेल्डिंग संपूर्ण हेड तापवून, सावकाश थंड करूनच टिकतं. वरवर मारलेला टाका पहिल्याच घाटात उघडतो.

फेसिंग केलंत (हेडचा खालचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट केलात) तर व्हॉल्व्हची खोली आणि नोझल किती बाहेर येतं, हे मोजायलाच हवं. इथेच बहुतेक जण चुकतात. ब्लॉकचा माथाही स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) सपाट आहे का ते तपासा.

बोल्टच्या भोकांत पाणी-ऑइल राहू देऊ नका. बोल्ट मधल्यापासून सुरुवात करून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळा : सगळे ९० न्यूटन मीटर, लांब सहा बोल्ट १२० न्यूटन मीटरवर, मग सगळे आणखी ९० अंश. थंड इंजिनवर टॅपेटची (व्हॉल्व्हच्या वरची) फट इनटेक व्हॉल्व्हला ०.२५, एक्झॉस्टला ०.५० मिमी ठेवा.

जुन्या बाजारातलं हेड घेणार असाल तर टेस्ट झाल्यावरच पैसे द्या.