घोडा घटला की छेद फुगला?

देशाच्या पशुधनात घोड्यांचा वाटा कसा काढायचा आणि त्यावरून काय समजायचे, याबद्दल वाचकांनी विचारलेले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : स्वातंत्र्यानंतर भारतात घोड्यांचा वाटा किती घटला? हिशेब कसा करायचा?

१९५१च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सुमारे १५.१ लाख होते आणि एकूण पशुधन २९.२८ कोटी. २०१९च्या विसाव्या गणनेत घोडे-तट्टे ३.४ लाख उरले, पशुधन मात्र ५३.५८ कोटींवर गेले. आधी दोन्ही आकडे लाखांत आणा, कारण लाख-कोटींच्या घोळात दशांशचिन्ह हमखास सरकते. ३.४ भागिले ५,३५८, गुणिले १००, म्हणजे ०.०६३ टक्के. १९५१ साठी हेच गणित ०.५२ टक्के येते. तेव्हा १९४ जनावरांत एक घोडा होता, आता पावणेसोळाशेंत एक.

वाटा आठपटीने उतरला, पण घोडे आठपटीने घटलेले नाहीत. ते साधारण साडेचारपटीने घटले आणि त्याच काळात छेद, म्हणजे एकूण पशुधन, १.८३ पटीने फुगला. दोन्हींचा गुणाकार आठाच्या आसपास जातो. बातम्यांमध्ये हा फरक क्वचितच सांगतात.

छेदात काय धरले आहे हेही पाहून घ्या. आपल्याकडे कोंबड्या 'पशुधन' या बेरजेत येत नाहीत, त्यांचा आकडा वेगळा असतो (२०१९ मध्ये ८५.१८ कोटी). त्या चुकून मिळवल्या तर वाटा ०.०२५ टक्क्यांवर येतो. खेचरे (०.८४ लाख) आणि गाढवे (१.२४ लाख) यांचे रकानेही वेगळे आहेत. काही तक्त्यांत हे सगळे 'अश्ववर्गीय' म्हणून एकत्र देतात. एका वर्षी एकत्र आणि दुसऱ्या वर्षी वेगळे आकडे घेतलेत, तर तुलना तिथेच बाद.

प्रश्न : ट्रॅक्टर आला म्हणून घोडे गेले, हे बरोबर ना?

अमेरिकेपुरते बरोबर. तिथे नांगर घोडे आणि खेचरेच ओढत. १९२०च्या गणनेत शेतांवर ती अडीच कोटींच्या वर होती, १९६० पर्यंत तीस लाखांच्या आसपास आली. आपल्याकडे नांगराला बैल, त्यामुळे ट्रॅक्टरने जागा घेतली ती बैलाची. घोड्याकडे टांगा, ओझे आणि सवारी ही कामे होती. ती रिक्षा, टेम्पो आणि डोंगरात पोहोचलेल्या रस्त्यांनी नेली. मुंबईतल्या हौसेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या तर २०१५ मध्ये उच्च न्यायालयानेच बेकायदा ठरवल्या. माथेरानमध्ये मोटारींना बंदी, म्हणून तिथला घोडा अजून कामावर आहे. आणखी एक कारण साधे आहे : काम गेले तरी म्हैस दुधावर आणि शेळी मटणावर टिकते. आपल्याकडे घोड्याला असा दुसरा आधार नाही.

प्रश्न : एखाद्या देशात घोड्यांचा वाटा वाढलेला दिसला, तर तिथे घोडे वाढले असे समजावे का?

मुळीच नाही. सोव्हिएत संघाचे आकडे बघा, जे १९३४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या महाअधिवेशनात अधिकृतपणे मांडले गेले. १९२९ मध्ये घोडे ३.४० कोटी होते, १९३३ मध्ये १.६६ कोटी. निम्म्याहून जास्त गेले. पण याच चार वर्षांत शेळ्या-मेंढ्या १४.७२ कोटींवरून ५.०६ कोटींवर आल्या, गुरे ६.८१ कोटींवरून ३.८६ कोटींवर, डुकरे २.०९ कोटींवरून १.२२ कोटींवर. सक्तीच्या सामूहिक शेतीत आपले जनावर फुकट देण्यापेक्षा शेतकऱ्यांनी ते कापून खाल्ले, आणि उरलेल्यांना पुरेसा चारा नव्हता. आता वाटा काढा : १९२९ मध्ये १२.६ टक्के, १९३३ मध्ये १४.१. नुसती टक्केवारी पाहणाऱ्याला हा घोड्यांचा सुकाळ वाटेल!

मंगोलियात याच्या उलट घडले. १९९० मध्ये तिथे घोडे साधारण २२.६ लाख होते आणि एकूण जनावरे २.५९ कोटी, म्हणजे वाटा ८.७ टक्के. २०१९ मध्ये घोडे ४२ लाखांवर गेले तरी वाटा ५.९ टक्क्यांवर घसरला. काश्मिरी लोकरीच्या भावामुळे शेळ्या ५१ लाखांवरून २.९ कोटींवर गेल्या होत्या.

म्हणून वाट्याच्या आलेखाशेजारी आणखी दोन रेषा काढा. पहिले वर्ष १०० धरून एक रेषा घोड्यांची, दुसरी एकूण पशुधनाची. भारतासाठी १९५१ = १०० धरले, तर २०१९ मध्ये घोडे २३ आणि पशुधन १८३.

प्रश्न : घोडा आणि शेळी दोघांनाही 'एक' मोजणे विचित्र नाही का?

प्रश्न चराईचा किंवा चाऱ्याचा असेल तर नक्कीच विचित्र. मंगोलियात त्यासाठी 'मेंढी-एकक' वापरतात : घोडा ७, गाय-बैल ६, उंट ५, मेंढी १, शेळी ०.९. या मापाने २०१९ मधला घोड्यांचा वाटा जवळजवळ २५ टक्के येतो. डोकी मोजली तर तो सहाच्या आत होता. कुरणावरचा चौथा हिस्सा भार घोड्यांचा, हे डोकी मोजून कधी कळले नसते. भारतात इतका फरक पडत नाही, कारण इथल्या छेदात गाई-म्हशीच जड आहेत. उष्ण प्रदेशासाठीच्या एककाने (घोडा ०.८, गाय-म्हैस ०.७, शेळी-मेंढी ०.१) आपला वाटा ०.०६३ वरून फार तर ०.१२ टक्क्यांवर जातो.

प्रश्न : सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) यात्रेत घोडे भरपूर असतात. मग २०१२ ते २०१९ या काळात देशातल्या घोड्यांत ४५ टक्के घट कशी?

यात्रेतली गर्दी ही गणना नव्हे. कार्तिकी पौर्णिमेला पुष्करला उभा असलेला घोडा महिन्याभराने दत्तजयंतीला सारंगखेड्यात दिसू शकतो. शिवाय विकायला, मिरवायला आणलेला उमदा घोडा वेगळा आणि ओझ्याचे तट्टू वेगळे. एकाचा भाव चढत असताना दुसरे नाहीसे होऊ शकते.

पण ६.२५ लाखांवरून ३.४ लाख, ही उडी आम्हीही जपूनच वाचू. एक तर दोन गणनांतले अंतर नेहमीच्या पाचाऐवजी सात वर्षांचे आहे. वार्षिक दर काढा, तो सव्वाआठ टक्क्यांच्या घरात येतो. दुसरे, त्याआधीच्या पाच वर्षांत (६.११ ते ६.२५ लाख) संख्या किंचित वाढली होती, आणि रेषा अशी अचानक मोडली की मोजणीची पद्धतही तपासावी लागते. २०१९ची गणना टॅबलेटवर झाली आणि घरोघरचे काम ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे (फिरते तळ) मेंढरे आणि बिऱ्हाडाच्या घोड्यांसह चराईला बाहेर पडतात. भीमथडी ही घोड्याची जात प्रामुख्याने याच वाड्यांवर टिकली आहे. गणक गावात घराला कुलूप पाहून परतला, तर ती जनावरे निसटू शकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची पहिल्यांदाच वेगळी नोंद ठेवली आहे. तेव्हा महाराष्ट्राच्या तक्त्यात घोड्यांच्या रकान्याबरोबर हा रकानाही उघडून बघा.