आइसलँडमध्ये आजही ओडिन-थोर या प्राचीन नॉर्स देवांची उपासना होते का? ‘ब्लोट’ विधीत पशुबळी देतात का?

उपासना होते, पण पशुबळी तिथली आसात्रू (या जुन्या देवांवरची श्रद्धा) संघटना देत नाही. ती १९७२ मध्ये स्थापन झाली, १९७३ मध्ये सरकारमान्यता मिळाली. पहिले मुख्य पुरोहित शेतकरी-कवी स्वेनब्यर्न बेन्टेन्सन. पण ही अखंड परंपरा नव्हे. इ.स. १००० च्या सुमारास देश ख्रिस्ती झाला आणि या देवांच्या कथा-कवितांचे एड्डा-ग्रंथ १३ व्या शतकात ख्रिस्ती समाजातच लिहिले गेले. म्हणून आजचे विधी ही पुनर्रचना आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

ब्लोटमध्ये जागा पवित्र करतात, एड्डातल्या ऋचा म्हणतात, मग पेयाने भरलेलं शिंग हातोहात फिरतं: देव, पूर्वज यांच्या नावाने घोट, थोडं जमिनीवर अर्पण. पिताना शिंगाचं टोक बाजूला ठेवा. वर धरलं की हवा एकदम आत शिरते आणि पेय तोंडावर उसळतं.