पाल सरपटते का?

प्रश्न एका आईचा आहे. चौथीतल्या मुलीने निबंधात लिहिलं, 'पाल भिंतीवर सरपटत गेली.' बाईंनी 'सरपटत'वर काट मारून 'पळत' केलं. मुलगी रुसली. पुस्तकात पाल 'सरपटणारे प्राणी' या गटात आहे, मग पाल सरपटली तर चुकलं काय, असं ती विचारते. आईचा प्रश्न असा की यात बरोबर कोण?

वाक्यापुरतं पाहिलं तर बाई बरोबर आहेत. पण मुलीने जे विचारलंय ते इतकं रास्त आहे की नुसतं 'बाई सांगतात ते ऐक' म्हणून तिला गप्प करू नये.

सरपटणे म्हणजे अंग जमिनीला लागलेलं ठेवून, घासत पुढे जाणे. या क्रियापदाला वेगाशी देणंघेणं नाही आणि पाय असण्या-नसण्याशीही नाही. अंग टेकलेलं हवं, एवढीच त्याची अट. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पोरं ओरडतात, 'ए, सरपटी नाही टाकायचा!' टप्पा न घेता जमिनीला चिकटून येणारा तो सरपटी चेंडू. १९८१ साली मेलबर्नला ट्रेव्हर चॅपेलने न्यूझीलंडविरुद्ध शेवटचा चेंडू खालून घरंगळत सोडला, तोही सरपटीच. तारेच्या कुंपणाखालून कोपरांवर जाणारा जवान सरपटतो. मांडव न मिळालेला भोपळ्याचा वेल अंगणभर सरपटतो. बाळाच्या बाबतीत तर घरातल्या बायका फार काटेकोर असतात. बाळ आधी पालथं पडतं, मग पोटावर सरपटतं आणि पोट उचलून गुडघ्यांवर आलं की मगच 'रांगायला लागलं' म्हणतात. पोट जमिनीवरून सुटलं की क्रियापद बदलतं.

आता पालीकडे या. रात्री ट्यूबलाइटजवळ बसलेली पाल किड्यावर जाते तेव्हा नीट बघा. पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरक्या समोरचा मागचा पाय एकदम उचलला जातो, मग उरलेली जोडी. अंगाला डावी-उजवी लय असते, पण सगळं काम पायांचं. बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांवर डोळ्यांना न दिसणारे लक्षावधी केस. या केसांची टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की रेणूंमधलं क्षीण आकर्षण, ज्याला भौतिकशास्त्रात व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, तेच तिला धरून ठेवतं. डिंक नाही की हवेची पोकळीही नाही. प्रत्येक पावलाला ती बोटं टोकाकडून सोलल्यासारखी उचलते आणि पुन्हा टेकवते. इतक्या निगुतीने पाऊल टाकणाऱ्या जिवाला 'सरपटते' म्हणणं मला तरी जड जातं. मराठी माणूस तसं म्हणतही नाही. पाल सुर्रकन जाते, भिंतीवर सरसर चढते. तुटून पडलेली शेपटी तेवढी वळवळते.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणीत आहे: सरड्याची धाव कुंपणापर्यंत. सरडाही त्याच गटातला, पण म्हणीने त्याला धाव दिली. ससा-कासवाच्या गोष्टीतलं कासवसुद्धा सावकाश का होईना, चालतंच. घोरपडही चालते, पळते, झाडावर चढते.

मग हे नाव आलं कुठून? लॅटिनमध्ये 'रेपेरे' म्हणजे सरपटणे. त्यावरून रेप्टाइल, आणि त्याचं मराठी 'सरपटणारे प्राणी'. संस्कृत वळणाचा प्रतिशब्द 'सरीसृप', तोही 'सृप्' म्हणजे सरपटणे या धातूचाच. त्याच धातूचा 'सर्प'. लॅटिन 'सेर्पेरे' आणि ग्रीक 'हेर्पेइन' ही त्याची सख्खी भावंडं. अंगावर सरपटत पसरतो म्हणून ग्रीकांनी एका त्वचारोगाला हर्पीस म्हटलं, आणि आपल्याकडे त्याच घराण्यातला एक आजार 'नागीण' झाला. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

तर गटाचं नाव सापावरून पडलं आणि पायवाल्या नातेवाइकांनाही लागू झालं. अडचण मराठीच्या '-णारा'ने होते. गाणारा गातो, विकणारा विकतो, तेव्हा सरपटणारा सरपटणारच असं मुलांना वाटतं. 'सरीसृप' म्हटलं असतं तर हा प्रश्न उठला नसता, पण त्या शब्दाने चौथीतल्या मुलाच्या डोळ्यांपुढे काही उभंही राहिलं नसतं. मला 'सरपटणारे'च आवडतं. फक्त ते आडनावासारखं घ्यावं. कुलकर्ण्यांच्या घरात आज कुणी गावाचं दप्तर सांभाळत नाही.

सापाला मात्र हा शब्द मापून बेतलेला आहे, आणि तरी साप एकाच तऱ्हेने जात नाही. धामण नागमोडी जाते, दगड-काटक्यांना अंगाच्या वळणांनी रेटा देत. अजगर आणि घोणस सरळ रेषेतही जाऊ शकतात. पोटाखालचे रुंद खवले आळीपाळीने पुढे घेऊन टेकवायचे आणि अंग त्यांवरून ओढायचं. याला 'सरकतो' हे जास्त जवळचं. कोकणात फुरसं तिरकं जातं, अंगाचा थोडाच भाग जमिनीला लावत. समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, पाण्यात त्याला तोड नाही. पण पोटावरचे रुंद खवले उरलेले नसल्याने पुळणीवर येऊन पडलेला समुद्रसाप जागच्या जागी वळवळतो. म्हणजे सरपटायलाही अवजार लागतं.

पायवाल्यांपैकी खरोखर सरपटणारे दोन सांगतो, मुलीलाही आवडतील. पहिली मगर. कृष्णाकाठी ऊन खात पडलेली मगर चाहूल लागली की पोटावरच घसरत पाण्यात जाते. हे सरपटणं. पण उन्हाळ्यात डोह आटला की हीच मगर दुसरं पाणी शोधायला निघते, पोट चांगलं वर उचलून, चार पायांवर. तेव्हा ती चालते. दुसरी रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवीण. पाण्यात तिचे वल्ह्यांसारखे पाय तिला उडवल्यासारखं नेतात, वाळूत मात्र ते तिचं वजन पेलत नाहीत. एकदा डावं, एकदा उजवं वल्हं मारत, छाती घासत ती भरतीच्या रेषेवर येते आणि मागे ट्रॅक्टर गेल्यासारखा माग उमटतो. तळ्यातलं कासव चालतं, समुद्रातलं सरपटतं.

तेव्हा वहीत 'पाल भिंतीवरून सुर्रकन गेली' असं लिहू द्या. 'पळत'पेक्षा ते पालीला जास्त शोभतं. आणि विज्ञानाच्या पेपरात पाल कोणत्या गटात असं विचारलं, तर 'सरपटणारे प्राणी' हेच लिहायचं आहे, हेही तिला सांगून ठेवा.