आधी केस, पाणी नंतर: घरी बनवायच्या वॉटर-कूल्ड कॉम्प्युटरचा हिशेब

नमस्कार,

तुमच्या पत्रातला मुद्दा थोडक्यात असा: नोकरी सांभाळून तुम्ही रात्री थ्रीडी ॲनिमेशनची कामं करता आणि उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा त्यातून येतो. घरखर्चाच्या २ महिन्यांइतकी रक्कम बाजूला साठली आहे. त्यातून ॲक्रिलिकची केस घरीच बनवायची, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींना पाण्याचं कूलिंग करायचं आणि कमी पडेल ते क्रेडिट कार्डावर टाकायचं, असं तुमच्या मनात आहे. आपत्कालीन निधी वेगळा आहे, पण तोही २ महिन्यांचाच. ग्राफिक्स कार्डाचे ७ हप्ते बाकी आहेत. आणि प्रश्न असा: मशीन जास्त टिकेल, रेंडर (सीनची अंतिम चित्रं तयार होणं) लवकर होतील, म्हणजे पैसे वसूलच होतील ना?

केस जरूर बनवा. पाण्याचा पूर्ण लूप, म्हणजे पाणी फिरत राहणारी बंद नळ्यांची साखळी, आत्ता करू नका. क्रेडिट कार्डाला तर या कामासाठी हातच लावू नका.

आधी वसुलीचं बघू, कारण सगळा बेत त्या एका समजुतीवर उभा आहे. पाणी उष्णता चिपपासून उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पंखे लावलेल्या जाळीपर्यंत, नेतं आणि तिथून ती हवेतच सोडावी लागते. त्यामुळे खोलीच्या तापमानाच्या खाली काहीच जात नाही. मशीन गरम होऊन स्वतःचा वेग कमी करत असेल, तरच चांगल्या कूलिंगने रेंडरचा वेळ वाचतो. तसं होत नसेल, तर मिळणारा फरक थोड्याच टक्क्यांचा असतो. खरा फायदा आवाजाचा आहे: मोठ्या रेडिएटरवर पंखे मिनिटाला ८००-९०० फेऱ्यांवर ठेवूनही काम भागतं. रात्री त्याच खोलीत काम करणाऱ्याला शांतता मोलाची वाटते हे मान्य, पण त्यातून उत्पन्न वाढत नाही. म्हणून हा खर्च हौसेच्या खात्यात लिहा. हौसेला पैसा लावण्यात गैर काही नाही. हौसेला गुंतवणूक म्हटलं, की माणूस तिच्यासाठी कर्ज काढायला तयार होतो.

तुमच्या मशीनला गरज आहे का, हे एका संध्याकाळी कळेल. नेहमीचा जड सीन अर्धा तास रेंडरला लावा आणि प्रोसेसर व कार्ड दोघांचं तापमान आणि क्लॉक, म्हणजे चिपचा चालू वेग, नोंदवत राहा. पहिल्या ५ मिनिटांतला क्लॉक अर्ध्या तासानंतरही जवळपास तोच असेल, तर पाणी तुमचा वेळ वाचवणार नाही. तो बराच घसरला, तर आधी फुकटचे उपाय करा: हीटसिंकमधली धूळ काढा, पंख्यांचा वेग तापमानाप्रमाणे नीट लावा, कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते खाईल त्या विजेची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणून पाहा. वीज आणि उष्णता एक पंचमांश घटते, वेग मात्र त्या मानाने बराच कमी उतरतो. यानंतरही प्रोसेसर तापत असेल, तर चांगल्या एअर कूलरने बहुतेक वेळा भागतं. त्यात बिघडण्यासारखा एकच भाग असतो, तो म्हणजे पंखा, आणि तो ५ मिनिटांत बदलता येतो.

आता तुमची यादी. साठलेल्या रकमेचे १०० भाग धरले, तर तुमची वाटणी अशी आहे: केस २०, रेडिएटर आणि पंखे २५, दोन्ही ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी वाहणारे धातूचे ठोकळे) २५, दोन पंप आणि टाकी मिळून १५, ट्यूब आणि कूलंट (लूपमध्ये भरायचं पाणी) १०, फिटिंग (ट्यूब जोडायचे सांधे) ५. बेरीज जमते. अडचण फिटिंगच्या आकड्यात आहे आणि जवळजवळ प्रत्येक नवख्याचं बजेट तिथेच फुटतं. मोजून पाहा: दोन ब्लॉक, दोन रेडिएटर आणि पंप-टाकीचा संच, प्रत्येकाला आत-बाहेर अशी दोन तोंडं, म्हणजे १० फिटिंग तर लागणारच. मग अडचणीच्या वळणांवर ९० अंशांची निदान ४. पाणी काढायला सर्वांत खालच्या जागी टी, बॉल व्हॉल्व्ह आणि बूच. हे १७ नग झाले आणि वळणाचं फिटिंग साध्यापेक्षा बरंच महाग असतं. ५ भागांत हे बसत नाही, १५ धरा. अवजारं यादीत नाहीतच: ड्रिलचे बिट, कानस, पॉलिश पेपर, आटे पाडायचा टॅप, थर्मल पॅड, आणि कडक ट्यूब वाकवायची तर हीट गन आणि ट्यूबच्या आत घालायची सिलिकॉनची दोरी. त्याला ८ धरा. चुकलेल्या कापासाठी आणि पुन्हा मागवाव्या लागणाऱ्या भागांसाठी १० राखून ठेवा. बेरीज १२८ वर गेली. वरचे २८ भाग, म्हणजे घरखर्चाचे जवळपास १७ दिवस, क्रेडिट कार्डावर चढणार होते.

एक गोष्ट यादीतून काढून टाकता येईल: दुसरा पंप. कार्डाची उष्णता ३०० वॅट धरा आणि पाणी मिनिटाला ४ लिटर फिरतंय असं माना. त्या ब्लॉकमधून जाताना पाणी जेमतेम १ अंशाने तापतं. म्हणून पाणी आधी प्रोसेसरला न्यावं की आधी कार्डाला, हा वादही निरर्थक आहे. तापमान ठरतं ते रेडिएटरच्या क्षेत्रफळावर. शांत चालवायचं असेल, तर १२० मिलिमीटरच्या एका पंख्याच्या जागेमागे साधारण १०० वॅट धरावेत. तुमचं कार्ड ३०० आणि प्रोसेसर १५०, म्हणजे ३६० चे, तीन-तीन पंख्यांचे, दोन रेडिएटर पुरून उरतात. डी-फाइव्ह जातीचा एक पंप एवढ्या लूपला भरपूर झाला.

पैशाच्या दृष्टीने मात्र वेगळीच विभागणी महत्त्वाची आहे: कोणता भाग पुढच्या मशीनमध्ये जाईल आणि कोणता या मशीनसोबत संपेल. रेडिएटर, पंप, पंखे, जी १/४ या ठरलेल्या मापाच्या आट्यांची फिटिंग या वस्तू दोन-तीन मशीन सहज पाहतात. प्रोसेसरचा ब्लॉकही नवी पकड मिळाली तर पुढे चालतो. ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकचं तसं नाही. तो त्या एका मॉडेलच्या सर्किट बोर्डाच्या मापाने कोरलेला असतो. कार्ड बदललं की ब्लॉक निरुपयोगी आणि जुन्या कार्डासोबत विकायला गेलात तर त्याचे वेगळे पैसे फारसे कोणी देत नाही. यादीतला सर्वांत महाग तुकडा हा आणि सर्वांत वेगाने किंमत गमावणाराही हाच. शिवाय तो बसवायचा तर कार्डाचा मूळ कूलर काढावा लागतो. काही कंपन्या मूळ कूलर जसाच्या तसा परत लावला तर वॉरंटी मानतात, काही मानत नाहीत. तुमच्या कंपनीचं धोरण लेखी मागून घ्या. ज्या वस्तूचे ७ हप्ते अजून फेडायचे आहेत, तिची वॉरंटी पणाला लावणं मला पटत नाही. कार्ड बिघडलं तरी हप्ता चुकत नाही आणि रात्रीचं कामही थांबतं.

म्हणून केसपासून सुरुवात करा, आतलं कूलिंग हवेचंच राहू द्या. घरी बनवलेल्या केसला फेरविक्रीची किंमत नसते, तेव्हा ती १० वर्षं वापरता येईल अशीच बनवा. हातातल्या कार्डाच्या मापाने नव्हे, ठरलेल्या मापांनी आखणी करा. एटीएक्स या नेहमीच्या मापाचा मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, पॉवर सप्लायचं तोंड १५० बाय ८६, मागच्या स्लॉटमधलं अंतर २०.३२. पंख्यांची भोकं १२० च्या पंख्याला १०५ मिलिमीटरवर, १४० च्या पंख्याला १२४.५ वर. पुढे येणाऱ्या ३६० च्या रेडिएटरसाठी ४०० मिलिमीटर लांबीची आणि जाडीत निदान ६० ची मोकळी जागा आत्ताच सोडा. ३० चा रेडिएटर, २५ चा पंखा आणि थोडा श्वास, असा तो हिशेब आहे. फिटिंग जिथे येतील तिथे आणखी ४० ठेवा.

वजन ॲक्रिलिकवर टाकू नका. भरलेले दोन रेडिएटर, पंप आणि लिटरभर पाणी यांच्या भाराने ५ मिलिमीटरची शीट हळूहळू वाकते आणि स्क्रूच्या भोकापासून तडकते. सांगाडा २० बाय २० च्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचा, मदरबोर्डखाली धातूची ट्रे, पॉवर सप्लायही धातूलाच आवळलेला. ॲक्रिलिक फक्त बाजूच्या पॅनेलांना. भोक पाडताना वर मास्किंग टेप, खाली लाकडाची फळी, ड्रिलचा वेग कमी आणि भोक स्क्रूपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने मोठं. कापलेल्या कडा पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरू नका. कापताना साठलेल्या ताणामुळे कडेवर बारीक चिरा उमटतात, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी, आणि अख्खी शीट बाद होते. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड पुरतं.

दुसरा टप्पा फक्त प्रोसेसरचा: एक ३६० चा रेडिएटर, एक ब्लॉक, पंप-टाकी, ६ फिटिंग आणि पाणी काढायची सोय. हे साधारण ५० भागांत बसतं. पहिल्या लूपला पारदर्शक कडक ट्यूब नको. मऊ ईपीडीएम रबराची, आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटरची ट्यूब घ्या. ती कात्रीने कापता येते, चुकली तर नवा तुकडा लावता येतो, हीट गनचा खर्च वाचतो. स्वस्त पारदर्शक पीव्हीसी ट्यूबमधला मऊपणा आणणारा द्रव पाण्यात उतरतो आणि ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत चिकट थर होऊन बसतो. दुधाळ रंगाच्या कूलंटचा गाळही तिथेच अडकतो, तेव्हा पारदर्शकच घ्या.

काटकसर कुठे करू नये, तेही सांगणं भाग आहे. स्वस्त रेडिएटर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे असतात आणि ब्लॉक तांब्याचा. एकाच पाण्यात हे दोन धातू आले, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पाण्याला लागणारं सगळं तांबं, पितळ किंवा निकेलचा मुलामा दिलेलं तांबं हवं. केसचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असला तरी चालतो, कारण त्याला पाणी लागत नाही. रेडिएटरला पंखा बसवताना २५ मिलिमीटरच्या पंख्याला ३० चे स्क्रू लागतात. ३५ चा घातला, तर टोक थेट नळीत घुसतं आणि नवा रेडिएटर पहिल्याच दिवशी मोडीत जातो. आधी पंख्याच्या जाडीपलीकडे स्क्रूचं टोक किती बाहेर येतं ते मापून घ्या.

रेडिएटर आतून डिस्टिल्ड पाण्याने स्वच्छ पाणी येईपर्यंत हलवून धुवा, आत डाग देताना (सोल्डरिंग करताना) वापरलेला फ्लक्स राहिलेला असतो. गळतीची चाचणी करताना मदरबोर्ड आणि कार्डाच्या पॉवरच्या सगळ्या वायरी काढून ठेवा. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या जोडणीतली हिरवी वायर बाजूच्या काळ्या वायरीशी जोडून फक्त पंप चालवा. सगळ्या वायरी काळ्या असतील, तर १६ आणि १७ नंबरच्या पिना. टाकी रिकामी दिसताच वीज बंद करून पुन्हा भरा, कोरडा पंप काही मिनिटांत खराब होतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून २४ तास जाऊ द्या. ही चाचणी एखादं काम हातात असलेल्या आठवड्यात करू नका. मशीन बंद राहण्याचे दिवस गुणिले रोजची रात्रीची कमाई, हाही लूपचाच खर्च आहे. पहिल्या जोडणीला ४ दिवस आणि दरवर्षी कूलंट बदलायला १ दिवस धरा.

पैशाची मांडणी मग अशी होते. १०० पैकी ५० आज आपत्कालीन निधीत, म्हणजे तो ३ महिन्यांचा होईल. कमाईचा काही भाग अनियमित असलेल्या माणसाला ६ महिन्यांचा हवा, पण निदान वाट धरली जाईल. ३० केस आणि अवजारांना. उरलेले २० दुसऱ्या टप्प्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवा, घरातल्या पैशात मिसळू नका. ग्राफिक्स कार्डाचा शेवटचा हप्ता गेला, की पुढच्याच महिन्यापासून तेवढीच रक्कम दोन वाटांनी वळवा: अर्धी निधीत, अर्धी या खात्यात. खात्यात ५० भाग झाले, की लूपचं सामान एकदम मागवा. कार्डाच्या ब्लॉकचा विचार पुढचं कार्ड घेताना करा. त्या वेळी ज्या मॉडेलला ब्लॉक मिळतो आणि ज्याची कंपनी कूलर काढू देते तेच कार्ड निवडा, म्हणजे ब्लॉक कार्डाच्या पहिल्या दिवसापासून वापरात येईल.